आईच्या रुपयाची प्रत

मुंबईतल्या एका नाणेतज्ज्ञाने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण रत्नागिरीच्या बाजारात ही हकिकत बरोबर उलटी सांगतात, आणि सांगणारे माझाच चहा पिऊन सांगतात. माझ्या मेहुण्यानेही मला फसवलं. पण तो घरचा माणूस, त्याचं पुढे येईल.

मी आंब्याचा व्यापारी. सावर्ड्याच्या आत डोंगराला लागून आमचं गाव. शाळा सुटली तसा रत्नागिरीला आलो आणि दुसऱ्यांच्या पेट्या डोक्यावरून वाहिल्या. मग पेट्या ठोकल्या, मग भरल्या, मग एका म्हाताऱ्या बागायतदाराची चार कलमं कराराने घेतली. तो म्हातारा चार कलमांचे पैसे पाच कलमांच्या भावाने मागत होता. मी त्याच्या पडवीत बसून राहिलो. त्याची जेवायची वेळ झाली, झोपायची झाली, उठायची झाली. शेवटी त्याच्या बायकोनेच आतून सांगितलं, देऊन टाका, नाहीतर हा माणूस रात्रीचाही जेवायला बसेल. धंदा मी असा शिकलो.

ऐंशी सालाच्या पुढे माझी स्वतःची वखार झाली. तिच्यामागे आढीची खोली आणि तिला लागून आमचं घर होतं. आढी म्हणजे भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. त्या उबेत आंबा त्याच्या वेळेने पिकतो. मुंबईच्या फळबाजारात माझी पेटी आली की दलाल खालचा थर उपसून बघत नसत. वरती चांगला माल आणि खाली बारीक, हा प्रकार माझ्याकडे नव्हता. आणि पावडर नव्हती. पावडर म्हणजे कार्बाइड. कागदाच्या पुडीत बांधून पेटीत टाकलं की त्याच्या वायूने हिरवा आंबा पिवळाधमक होतो. वरून पिवळा, आत आंबट. ज्यांना घाई असते ते लावतात. मी लावत नाही, हे मी बाजारात मोठ्याने सांगत असे. एकदा एका दलालाने माझा आंबा नाकाला लावून हसल्यासारखं केलं. मी पेटी उचलून त्याच्या पायाशी आपटली आणि म्हटलं, सगळे कापून बघ. त्याने कापले नाहीत. पण माझी एक पेटी गेली, आणि त्या पेटीने पुढची पुष्कळ वर्षं माझं नाव राखलं.

माझ्याकडे विकायला आंबा आहे असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मी ते नावच विकतो. म्हणून एका रुपयाने मला एवढा त्रास झाला.

रुपया आईचा. राणीछाप, चांदीचा. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी ओटीत घातलेला. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये मांडतात आणि त्याआधी ते घासतात. आमच्या हिला घासायचं वेड. तांबं, पितळ, चांदी, हिला सगळं सारखंच. आमसुलाच्या पाण्यात टाकायचं आणि रांगोळीने घासायचं. दर दिवाळीला राणीचं नाक थोडं थोडं झिजत गेलं. आईला हे बघवेना. तिने ओटीचा रुपया मादरपाटाच्या फडक्यात बांधून एका लाकडी पेटीत घातला आणि पेटी आढीच्या खोलीवरच्या माळ्यावर नेऊन ठेवली. सुनेचा हात पोचणार नाही अशी तेवढी एकच जागा. पुढे आई वारली. पेटी तिथेच राहिली.

मग एका मे महिन्यात, आंबा उरकत आला तेव्हा, पावसाआधी कौलं परतायला काढली. कौलं परतायची म्हणजे माळ्यावरचं सामान खाली घ्यावं लागतं. मेहुणा तेव्हा माझ्याकडेच कामाला होता. हिचा धाकटा भाऊ, गुहागरचा. आढीची खोली तोच सांभाळायचा. तो म्हणाला, "भावोजी, मागचा कोपरा मी बघतो. तुम्ही नका चढू, शिडी हलतेय." मला तेव्हा तो आदर वाटला.

एका गड्याने आईची पेटी खाली आणली. मी फडकं सोडलं आणि रुपया अंगणातल्या उजेडात धरला. तो पांढरा नव्हता. काळाही नव्हता. कडेने गडद निळा, मग जांभळा, मग गुलाबी, आणि राणीच्या गालावर सोनेरी. पारव्याच्या मानेवर ऊन पडलं की दिसतो तसा. हिने बघितला आणि म्हणाली, "बाई गं! केवढा खराब झालाय. सासूबाई होत्या तेव्हा चांगला पांढरा होता. आणा इकडे, आमसुलात टाकते."

मी तो देणारच होतो. पण बँकेचे साहेब पायरीवर उभे होते. ते पुण्याहून बदली होऊन आलेले, शेवटचे आंबे घ्यायला आले होते. रविवारी जुनी नाणी गोळा करायचा त्यांना नाद होता. ते असे ओरडले, की शिडीवरच्या गड्याच्या हातून कौल पडलं.

"वहिनी, थांबा! हात नका लावू!"

"का हो? विषारी आहे?" ही म्हणाली.

साहेबांनी रुपया कडेला धरून वळवून वळवून बघितला. आंबे विसरले. त्यांनी मला समजावलं, की नाण्याला असा रंग आपोआप चढला तर हौशी लोक त्याला घासलेल्या नाण्याच्या कितीतरी पट किंमत देतात. घासलं की मेलं. असा रंग यायला, ते म्हणाले, पन्नास वर्षं लागतात.

"पन्नास कशी?" ही म्हणाली. "सासूबाईंना जाऊन..."

"तू चहा टाक," मी म्हटलं.

साहेब म्हणाले, की मुंबईत फोर्टात एक पेढी आहे, तिथे तिघे तज्ज्ञ नाणी तपासून प्रत लावून देतात. अप्रतिम, उत्तम, चांगली, साधारण. प्रत लागली की कोणी वाद घालू शकत नाही.

हे मला पटलं. रुपया मला विकायचा होता असं नाही. पण घरात एखादी वस्तू आहे आणि तिचा भाव मला माहीत नाही, हे मला सहन होत नाही. जेवणावर लक्ष लागत नाही.

जूनमध्ये दलालांकडे हिशेब करायला मी मुंबईला जातोच. तेव्हा रुपया बरोबर नेला. पेढी दुसऱ्या मजल्यावर होती. काउंटरमागे एक किडकिडीत, वयस्कर गृहस्थ, डोळ्याला भिंग. तिघांपैकी मुख्य तेच. शुल्क सांगितलं. मी निम्मं म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत. मी थोडं वर गेलो. तरी बोलले नाहीत. शेवटी मी पूर्ण शुल्क भरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटाच भाव करत होतो. हा माणूस बरा नाही, हे मला तिथेच कळलं होतं.

"नाणं कुठून मिळालं?" त्यांनी विचारलं.

आता हे नीट समजून घ्या. आमच्या धंद्यात माल कुठल्या बागेतला, हे कधीही सांगायचं नाही. सांगितलं की पुढच्या वर्षी समोरचा माणूस थेट बागेत उभा राहतो. बायकोलाही मी सगळ्या बागा सांगितलेल्या नाहीत. तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "आहे एक जुनं घर."

"कुठलं?"

"तिकडेच. कोकणात."

"कुठे ठेवलेलं होतं?"

"असंच. नीट."

त्यांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं. नाण्याकडे नव्हे, माझ्याकडे. मग पावती दिली.

उत्तर गणपतीच्या सुमाराला पोस्टाने आलं. रुपया एका छोट्या लिफाफ्यात आणि बरोबर चिठ्ठी. नाणे अस्सल. झीज अत्यल्प. वर्णछटा कृत्रिम. प्रत देता येत नाही. वर माझं नाव, खाली तिघांच्या सह्या.

मी चिठ्ठी वखारीच्या दारातच उघडली, ही चूक झाली. तिथे चहाचं दुकान आहे आणि तिथे आमच्याच धंद्यातले लोक बसलेले असतात. मी नको ते मोठ्याने बोललो. एकाने चिठ्ठी मागून घेतली. वाचली. शेजारच्याला दिली.

"म्हणजे शेठ," तो अगदी हळू म्हणाला, "रुपयाला पण पावडर?"

"कोण बोलतो पावडर?"

"मी नाय, मुंबईवाले बोलतात. सही आहे."

दुसरा म्हणाला, "दाबून बघू का, शेठ? आत साका तर नाय ना झालेला?"

साका म्हणजे आंब्याच्या आत पांढरा, फुसका गर होतो तो. वरून काही कळत नाही. सगळे हसले. मी एक कपबशी फोडली. तिचे पैसे दिले.

हसण्यावारी गेलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण त्याच महिन्यात मुंबईचा एक दलाल फोनवर पुढच्या हंगामाचं बोलताना म्हणाला, "यंदा दोन पेट्या आधी उघडून बघू. तुमचं म्हणून नाही, सगळ्यांचंच बघतोय." इतक्या वर्षांत त्याने असं म्हटलं नव्हतं. रत्नागिरीतून मुंबईला बातमी आंब्याच्या आधी पोचते.

बँकेच्या साहेबांना मी चिठ्ठी दाखवली, म्हणजे त्यांच्या टेबलावर आपटली. रांगेतली माणसं बघायला लागली. साहेब म्हणाले, "शेठ, यात काय एवढं? पुन्हा पाठवा."

"पुन्हा?"

"पुष्कळ लोक पाठवतात. एकच नाणं दोनदा, तीनदा. कधी कधी प्रत बदलते. दुसऱ्या वेळी दुसरा माणूस बघतो. आणि या वेळी पूर्ण माहिती द्या. कोणाचं, किती वर्षं, कुठे ठेवलं होतं, कशात. तुम्ही 'असंच, नीट' म्हणालात, त्यांना संशय येणारच."

"म्हणजे माझं चुकलं?"

"मी असं म्हटलं का?"

म्हटलं होतं.

मी घरी येऊन विचार केला. आमच्यात बाजारातून परत आलेली पेटी पुन्हा बाजारात पाठवत नाहीत. पाठवली तरी लोक ओळखतात. पहिल्या दिवशी नाकारलेला माल म्हणून दुसऱ्या दिवशी अर्ध्या भावात मागतात. परत आलेली पेटी रसाच्या कारखान्याला जाते. तेव्हा रुपया पुन्हा पाठवायचा आणि पुन्हा तेच लिहून आलं तर? एकदा 'कृत्रिम' लिहिलं तर ती त्यांची चूक. दोनदा लिहिलं तर ते माझं आडनाव होईल. पण न पाठवावा, तर जे लिहिलंय ते मी गिळलं असं होतं. मी गिळणारा माणूस नाही.

हिचं म्हणणं सोपं होतं. "दिवाळी आलीय. आमसुलात टाकते. रंगच गेला तर कृत्रिम कुठला आणि खरा कुठला?"

"घासला की लोक म्हणतील, रंग खोटा होता म्हणून धुतला."

"लोक आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला येतात, तपासणीला नाही."

"मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

"सासूबाईंसारखे बोलायला लागलात," ती म्हणाली आणि बाकीचे रुपये घेऊन गेली.

तरी मी पाठवायचं ठरवत आणलं. साहेबांनी सांगितलं होतं, जागेचं वर्णन लिहा: लाकूड कसलं, ओल किती, उजेड येतो का. मी कधी अर्धवट काम करत नाही. शिडी लावली आणि स्वतः माळ्यावर चढलो. मेहुणा त्या दिवशी टपालाला गेला होता.

पेटी जिथे होती ती जागा धुळीत चौकोनी उमटलेली होती. तिच्याच मागे, वाशाच्या बेचक्यात, लसणीसारखा वास आला. आमच्या माळ्यावर लसूण ठेवत नाहीत. मी हात घातला. वर्तमानपत्राच्या पुड्या निघाल्या. बऱ्याचशा फुटून त्यांचा चुना झाला होता, पांढरा भुगा. ओल लागली की कार्बाइडचं तेच होतं. वायू निघून जातो आणि चुना उरतो. तो वायू शेजारच्या आईच्या पेटीत शिरला असणार, आणि रुपयाचे रंग तिथूनच. त्यांच्यामागे एक पत्र्याचा डबा, झाकण गच्च बसवलेला. आत करडे खडे. नवे. पुढच्या हंगामाचे.

मी माळ्यावर बसलो. खाली आढीची खोली. माझी आढी. तिच्या डोक्यावर हे. आणि त्याला टेकून आईचा रुपया, फडक्यात, कोणी घासू नये म्हणून ठेवलेला.

मेहुणा आला तेव्हा मी डबा अंगणाच्या मधोमध ठेवला होता आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो.

"हे काय आहे?"

त्याने डब्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. ती दारात उभी होती. "काय झाला, भावोजी?"

"मी विचारतोय, हे काय आहे."

"पावडर."

"कोणाची?"

"आपली."

"आपली?" मला नंतर सांगण्यात आलं, की हा शब्द चहाच्या दुकानापर्यंत ऐकू गेला.

"ओरडू नका, लोक ऐकतात," तो म्हणाला. "सगळ्या मालाला नाय लावत. गुढीपाडव्याच्या पेट्यांना तेवढी. तीन हंगाम झाले. कोणाला कळला?"

"माझ्या पेटीला पावडर?"

"मग काय करू? तुम्ही मुंबईला जाता, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवता आणि सांगून येता, पाडव्याला एवढ्या पेट्या पिकलेल्या देतो. भाव चढवून घेता. मग येऊन मला सांगता, तयार ठेव. आढीला काय पाडवा कळतो? थंडी लांबली तर ती पिकवते का? मी पेंढ्यात हात घालून बसू?"

"मला सांगायचं होतंस, पिकत नाही म्हणून."

"सांगितलेला. पहिल्याच वर्षी. तुम्ही काय बोललात? बोललात, ते मला सांगू नको, माल तयार पाहिजे."

मला असं बोलल्याचं आठवत नाही. बोललो असेन तरी त्याचा अर्थ पावडर लाव असा होत नाही. मी उठलो. ही मध्ये आली.

"आधी जेवा," ती म्हणाली. "मग हाकला."

आम्ही जेवलो.  तो ताक मागत होता, ते मी त्याच्याकडे सरकवलं नाही. संध्याकाळच्या एसटीने तो गुहागरला गेला.

डबा मी सायकलला बांधून बंदरावर नेला. धक्क्याच्या टोकाला जाऊन झाकण उघडलं आणि समुद्रात ओतला. पाणी उकळल्यासारखं फसफसायला लागलं, पांढरा फेस वर आला. होडीतला एक खलाशी बिडी ओढत बघत होता. "शेठ, काय सोडलात? मासळी आली काय वर?" म्हणून वाकला. मी त्याच्या तोंडातली बिडी काढून फेकली. तो वायू पेट घेतो. त्याला वाटलं मी भांडायला आलोय. मग तेही भांडण झालं.

बँकेच्या साहेबांना हे सांगायला नको होतं. पण राग आला की मला पोटात ठेवता येत नाही. साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे तज्ज्ञ बरोबर होते! कमाल आहे हो. नुसत्या नजरेने ओळखलं!"

"तुम्ही पन्नास वर्षं म्हणाला होतात."

"मी काय, हौशी माणूस. शेठ, आता दोन मार्ग आहेत. एक, पाठवू नका. दोन, पाठवा, पण ते कार्बाइड वगैरे लिहू नका. आईची पेटी, जुनं फडकं, सागवानी माळा, एवढंच लिहा. खोटं काही नाही त्यात."

"खोटं नाही," मी म्हटलं. "खालचा थर दाखवायचा नाही, एवढंच."

ते त्यांना कळलं नाही. पुण्याचे आहेत.

मी रात्रभर जागलो वगैरे नाही. मला झोप चांगली लागते. पण सकाळी उठलो तेव्हा ठरलेलं होतं. रुपया पोस्टाने पाठवायचा नाही. घेऊन जायचा, समोर ठेवायचा आणि सगळं सांगायचं. पावडर माझ्या माळ्यावर होती, हे मी माझ्या तोंडाने सांगणार. मग त्यांनी लिहावं, की रंग कोणी लावलेला नाही. तसं लिहिलं तर ती चिठ्ठी मी चहाच्या दुकानात चिकटवणार होतो.

दिवाळीच्या अलीकडे मी दुसऱ्यांदा ते जिने चढलो. तेच गृहस्थ. तेच भिंग. मी रुपया ठेवला, चिठ्ठी ठेवली.

"कृत्रिम म्हणजे काय?" मी विचारलं.

"नैसर्गिकपणे न आलेला रंग."

"हवेने आला तर?"

"तर नैसर्गिक."

"मग ही हवाच होती."

"कसली हवा?"

मी सांगितलं. घर कोणाचं, गाव कुठलं, आई, फडकं, माळा, पुड्या, मेहुणा. माल कुठून आला हे मी आयुष्यात प्रथमच एका परक्या माणसाला पूर्ण सांगत होतो. त्यांनी नीट ऐकलं, हे मी मान्य करतो. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही.

"म्हणजे कार्बाइडचा वायू," ते म्हणाले. "मग आम्ही बरोबरच लिहिलं."

"नाण्याला कोणी हात लावलेला नाही."

"हात लावावा लागत नाही. लोक नाणी गंधकाच्या धुरात धरतात."

"लोक धरतात. मी धरलं नाही. ते फडक्यात होतं, पेटीत होतं, आणि ते ठेवणारी बाई वारली होती. रंग लावायचं कोणाच्याच मनात नव्हतं."

"मनात काय होतं ते आम्ही कसं बघणार? आम्ही नाण्याला प्रत लावतो, माणसाला नाही."

"मग 'कृत्रिम' कशाला लिहिता? नाणं काय स्वतःला रंग लावून बसलं?"

 त्यांनी भिंग काढून पुसलं. मग म्हणाले, "पुन्हा तपासायला ठेवायचं असेल तर ठेवा, शुल्क तेच. पण आधीच सांगतो, तुम्ही एवढं सांगितल्यावर निकाल बदलणं आता शक्य नाही."

"आणि सांगितलं नसतं तर?"

त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. "मग सांगता येत नाही. अशा छटेवर मतं वेगळी पडतात. दुसऱ्या तज्ज्ञाने कदाचित नैसर्गिक म्हटलंही असतं. चांगली प्रत मिळाली असती."

"म्हणजे मी गप्प बसलो असतो तर रंग खरा. बोललो म्हणून खोटा."

"तुम्ही फार टोकाला जाता," ते म्हणाले.

मी शुल्काचे पैसे काढले होते ते परत खिशात घातले. रुपया फडक्यात बांधला. ठेवून गेलो असतो तर दुसऱ्या चिठ्ठीवरही तोच शब्द आला असता आणि या वेळी त्याखाली माझी स्वतःची जबानी असती. तेव्हा रुपया पुन्हा तपासायला द्यायचा नाही, हे मी तिथे ठरवलं, आणि ते आजही बदललेलं नाही.

पुढच्या हंगामात मी पाडव्याला एकही पेटी पाठवली नाही. दलालाला सांगितलं, थंडी होती, आढी पिकली नाही. तो म्हणाला, दर वर्षी तर पिकायची. मी फोन ठेवला. भाव बुडाला. माझ्या जागी ज्यांनी पावडर लावून पेट्या पाठवल्या त्यांनी तो कमावला, आणि त्यांच्याविषयी कोणी कधी काही लिहून दिलं नाही.

मेहुण्याला मी पुढे विचारलं आहे. तो म्हणतो, मी आंब्याला लावली, रुपयाला नाही. हे खरं आहे. मी कशालाच लावली नाही, हेही खरं आहे. आईने तर रुपया जपूनच ठेवला. मग त्या चिठ्ठीवर जो शब्द लिहिलाय तो कोणाबद्दल आहे? तिच्यावर नाव फक्त माझं आहे. खाली तीन सह्या आहेत. त्या तिघांपैकी ज्याने तो शब्द लिहिला असेल त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगावं, हा रंग कोणी लावला. तज्ज्ञहो, सांगता येत असेल तर लावणाऱ्याचं नाव लिहा. येत नसेल तर माझ्या नावाखालचा तो शब्द स्वतःच्या हाताने खोडा. दोन्हींपैकी काय करणार आहात?